टेकडीवर दोन कांड्या

११ जुलै, मंगळवार

अन्सारी वकिलांचा निरोप आला. आमदार तयार झाले. विधेयक मांडणार. निरोप आणला मोताळ्याच्या दूधगाडीवाल्याने, कारण भोरवाडीत फोन लागतच नाही. गावोगावी इंटरनेट पोचवायच्या कायद्याची बातमी दुधाच्या कॅनसोबत आली! सिद्धार्थ असता तर पोट धरून हसला असता.

दुपारी लसीकरण. दोन बाया लेकरं घेऊन आल्याच नाहीत, निंदायला गेल्या होत्या. आशा सेविकेने वावरात जाऊन बोलवायचं, हेच माझं काम. गेले. कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली. सगळीकडे बीटी. चांगली दिसते.

संध्याकाळी आत्याबाईंना, सासूबाईंना, सांगितलं. त्या तूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कायद्यानं काय होते? माहा सिद्धार्थ वापस येते का?"

मी म्हटलं, "नाही. पण दुसऱ्या कोणाचा जाणार नाही."

सूप तसंच ठेवून आत गेल्या. लेकीने, मैत्रीने, उरलेली तूर मातीसकट डब्यात भरली.

१६ जुलै, रविवार

मोताळ्याला गेले. वकीलसाहेब म्हणाले, सुरुवातीपासून सांग, मी लिहून घेतो. आमदारांना द्यायचं आहे.

गेल्या भादव्यात सरकारी दवाखान्यात वकीलसाहेब दुसऱ्या कोणाच्या कामाला आले होते. मी पोस्टमॉर्टेमच्या खोलीबाहेर बसले होते. पाणी यांनीच आणून दिलं. एवढीच ओळख. मग मी इकडेतिकडे अर्ज देत फिरायला लागले तर तेही सोबत फिरायला लागले. घरचे म्हणतात, अब्बा, वय काय तुमचं! ऐकत नाहीत.

सांगितलं. सिद्धार्थ दुसऱ्याच्या वावरात फवारणीला गेला होता. दुपारी घरी आला तोच उलट्या करत. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. मला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं सगळं आठवलं. कपडे काढले, अंग धुतलं, कुशीवर वळवला. शेजारच्याला ऑटो आणायला खालच्या गावी पाठवलं आणि मी फोन घेऊन टेकडीवर पळाले, कारण रेंजच्या दोन कांड्या तिथेच येतात. १०८ लागला. बाई म्हणाली, जिल्हा कोणता? सांगितला. तालुका? कट. परत लावला. दुसरी बाई. जिल्हा कोणता? कट. परत. परत. एकदा तर गावाचं नाव पण सांगून झालं होतं.

खाली आले तेव्हा दारात बाया होत्या. मला पाहून बाजूला सरल्या.

ऑटो आला, नेलं तरी. डॉक्टरांनी हात लावून सांगितलं.

वकीलसाहेबांनी विचारलं, "शेवटी काही बोलला का तो?"

"नाही. मी टेकडीवर गेल्याबरोबरच शुद्ध गेली म्हणे. आत्याबाई होत्या जवळ."

लिहून घेतलं. चष्मा पुसला. चहा मागवला, दोघांनीही घेतला नाही.

३० जुलै, रविवार

नवी अडचण. टेलिफोन, इंटरनेट हा विषय दिल्लीचा. राज्य कंपन्यांना हुकूम देऊ शकत नाही. वकीलसा. म्हणतात, मग राज्यानं स्वतःलाच बांधून घ्यावं. प्रत्येक गावात, वाडीत, तांड्यावर शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र इथवर जोडणी न्यायची, चालू ठेवायची, बंद पडली तर जबाबदार कोण ते लिहायचं. हे राज्य करू शकतं.

मसुदा मुंबईला गेला होता. परत आला तर जिथे तिथे एक नवा शब्द. 'शक्यतो'. शक्यतो प्रत्येक वस्तीत. शक्यतो विनाखंड.

मी म्हटलं, हा काढा.

वकीलसा. हसले. "बेटी, या शक्यतोमध्ये अख्खा महाराष्ट्र मावतो. काढून पाहतो."

एका ठिकाणचा निघाला. बाकीचे राहिले.

१५ ऑगस्ट, मंगळवार

झेंडावंदन, मग ग्रामसभा. ठराव घ्यायचा होता. सरपंच म्हणाले, "आपल्याइथं नेट आहे ना ताई. डबा लागला ना ग्रामपंचायतीत."

आहे डबा. भिंतीवर टांगलेला. उद्घाटनाच्या दिवशी हिरवा दिवा लागला, फोटो निघाले. पुढच्या आठवड्यात रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. डब्यावर आता चिमणीने काड्या आणून ठेवल्या आहेत. पण कागदोपत्री भोरवाडी जोडलेली. सगळ्या जिल्ह्याच्या नकाशात आमचा ठिपका हिरवा आहे म्हणतात.

मागून एक म्हातारबा उठले. "नेट आलं तं पोट्ट्या बिघडतीन."

कोणीतरी म्हणालं, "बुढेबाबा, पोट्टे तं नेट नसतानाच बिघडले." हशा. ठराव पास.

आता बाकीची डोंगराकडची गावं. दोघीतिघी आशा सोबत येतो म्हणाल्या.

१४ सप्टेंबर, गुरुवार

वर्ष झालं.

सकाळी बुद्धवंदना घेतली. आत्याबाईंनी खीर केली, त्याला आवडायची म्हणून. मैत्री वाटीभर खाऊन शाळेत गेली. ती आता बाबाबद्दल विचारत नाही. हे जास्त...

दुपारी शेजारच्या तालुक्यातून दोन कार्यकर्ते आले, वकीलसाहेबांनी पाठवलेले. म्हणाले ताई, तुमचा अनुभव सांगा. सांगितला. पाठ झाला आहे. कुठे थांबायचं, कुठे पाणी प्यायचं, तेही पाठ.

ते गेल्यावर आत्याबाई चुलीपाशी बसून होत्या. म्हणाल्या, "माह्या लेकाचं मरन तू किती जागी विकशीन?"

मी पाहुण्यांचे कप विसळायला घेतले.

"आजच्या दिवशी तरी घरात ठेवाचं होतं त्याले."

उरलेली खीर गाईला घातली.

११ ऑक्टोबर, बुधवार

बोंडअळी. गुलाबी. वरून बोंड धडधाकट, फोडलं की आत दातांच्या फटीत अडकलेल्या चुरमुऱ्याएवढी अळी आणि सरकी खलास. बीटीला अळी लागतच नाही म्हणून बियाणं घेतलं होतं लोकांनी. कृषी खात्याचा माणूस आला, म्हणाला, आम्ही मोबाइलवर सल्ला पाठवला होता, नर पतंग पकडायचे कामगंध सापळे लावा म्हणून, ऑगस्टमध्येच. सगळे त्याच्याकडे पाहत राहिले. एक जण म्हणाला, "सायेब, कोनाच्या मोबाइलवर?"

आता दिसेल ते औषध, दोन-दोन मिसळून फवारतात. मी घरोघरी सांगत फिरते. तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याच्या उलट्या दिशेने फवारू नका, उपाशी जाऊ नका. बाया ऐकतात, माणसं हाव हाव म्हणतात आणि तशीच जातात.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

गजानन पडला. खालच्या आळीतला, सिद्धार्थसोबत शाळेत होता. फवारता फवारता वावरातच. त्याच्या बायकोने मला आवाज दिला. मी फोन काढलाच नाही. दूधगाडी उभी होती, कॅन खाली फेकले, त्याला टाकलं आणि निघालो. मोताळ्यात सुई, सलाइन, तिथून बुलडाणा. घाटात मी त्याचं डोकं धरून होते.

वाचला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं.

रात्रीची गाडी नव्हती म्हणून त्याच्या बायकोजवळच राहिले. ती माझा हात सोडत नव्हती. मला खूप आनंद झाला. खरंच झाला. मग संडासात जाऊन कडी लावून तोंडात पदर कोंबून रडले.

एवढंच करायचं असतं. एवढंच होतं.

१२ नोव्हेंबर, रविवार

आमदारांचे पी. ए. आले. विधेयक हिवाळी अधिवेशनात, नागपूरला. शुक्रवारी बिनसरकारी कामकाज असतं, चिठ्ठीत नाव आलं तर. फोटो हवेत म्हणाले. टेकडीवर चढायला लावलं.

"ताई, फोन कानाला लावा. जरा हतबल. हां, असंच."

लावला. किती वेळ उभी होते. त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि म्हणाले, "इथे तर मस्त रेंज आहे की!" त्यांची कंपनी वेगळी. भारी फोन. चारी कांड्या. त्यांनी तिथूनच फोटो आमदारांना पाठवून दिले.

खाली आले तर आत्याबाई दारात. त्यांनी सगळं पाहिलं होतं. "झाला तमाशा?"

मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्हाला काय वाटते, मले हे करायला बरं वाटते?"

"मंग काऊन करतं?"

"दुसरं काय करू?"

या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. मैत्री दप्तर घेऊन शेजारी निघून गेली. रात्री जेवलो तिघी. 

८ डिसेंबर, शुक्रवार

चिठ्ठीत नाव निघालं! पुढच्या शुक्रवारी. आमदारांनी दोन पास काढले. वकीलसाहेबांचे गुडघे सुजलेत, प्रवास होत नाही. म्हणाले, तू जा, माझ्या वाटणीचंही ऐकून ये.

दुसरा पास कोणाला? आत्याबाई एकदम म्हणाल्या, "मी येतो."

मी म्हटलं, तुम्ही?

"कायद्यापायी नाही. दीक्षाभूमीले जाचं आहे. तो नेईन म्हने मले."

१४ डिसेंबर, गुरुवार. नागपूर

मलकापूरहून गाडी. मैत्रीला गजाननच्या बायकोकडे ठेवलं. जागा मिळाली. आत्याबाई खिडकीशी. अकोल्यानंतर वावरांत पऱ्हाट्या उपटून पेटवलेल्या दिसत होत्या. जागोजागी धूर. त्या मान वळवून पाहत होत्या.

दुपारी दीक्षाभूमी. स्तूपाच्या आत थंडगार. आत्याबाई बराच वेळ डोळे मिटून बसल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "सांगितलं त्याले, पाह्यलं म्हनून."

आत्याबाईंच्या मावसबहिणीकडे मुक्काम. तिच्या घरी प्रत्येकाच्या हातात फोन. व्हिडिओ भराभर चालतो. आत्याबाईंना नातवंडांनी एक गाणं लावून दिलं. ऐकत ऐकत झोपल्या.

१५ डिसेंबर, शुक्रवार

सगळं लिहून ठेवते, नंतर जमणार नाही.

तपासणी, पास, परत तपासणी. पर्समधला फोन काढून घेतला. गॅलरीत बोलायचं नाही, टाळ्या नाहीत, हात वर करायचा नाही. खाली अर्धी बाकं रिकामी. शुक्रवारची दुपार, लोक गावी निघालेले. बरीच विधेयकं आमच्या आधी. एकेक येतं, बोलतात, मंत्री उत्तर देतात, जातं.

मग आमचं. आमदार उभे राहिले. आवाज चांगला आहे त्यांचा. "अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातील भोरवाडी येथील शेतकरी सिद्धार्थ..." शेतकरी नाही. आम्हाला वावर नाही. जाऊ द्या. त्याचं नाव त्या मोठ्या सभागृहात फिरलं. मी अंधारात टेकडीवर चढले म्हणाले. दुपार होती. जाऊ द्या. मग म्हणाले, "आणि अध्यक्ष महोदय, हताश होऊन खाली आलेल्या त्या माउलीच्या मांडीवर त्या तरुणाने प्राण सोडला!"

आत्याबाई उभ्या राहिल्या.

"खोटं आहे. ते तठी नव्हती. माह्या मांडीवर..."

शिपाईण धावत आली. "आजी, बसा. बसा खाली. बोलायचं नाही इथे." मी त्यांचा हात ओढला. बसल्या.  खाली कोणी वर पाहिलंही नाही.

मंत्री उठले. भावना समजू शकतो म्हणाले. शासन सकारात्मक आहे. योजना प्रगतिपथावर आहे. सदर गाव जोडले गेल्याची नोंद आहे, तरी तपासून घेऊ. सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावे.

आणि आमदार म्हणाले, "मंत्रिमहोदयांच्या आश्वासनानंतर मी विधेयक मागे घेतो."

अनुमती आहे? आहे, आहे. पुढचं.

आत्याबाईंनी विचारलं, "झालं?"

"झालं."

बाहेर फुटपाथवर बसलो. मोर्चेवाले घोषणा देत होते, पोलिसांचे कठडे, चहाच्या गाड्या. आमदार भेटले नाहीत. पी. ए. म्हणाले, ताई, आश्वासन मिळालं म्हणजे निम्मं काम झालं, असंच असतं. त्यांची गाडी गेली.

मला वाटलं मी रडेन. आलं नाही. आत्याबाई चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होत्या. मग बोलायला लागल्या. इतक्या हळू की घोषणांमध्ये मला वाकून ऐकावं लागलं.

"त्याची शुद्ध गेलती म्हनून म्या सांगितलं तुले. नव्हती गेली."

मी आणखी जवळ सरकले.

"तू गेली तवापासून तुह्यंच नाव. पंचशीला आली का? लाइन लागली का? लाइन लागली का माय? सारखं तेच. डोये दाराकडं. मंग म्या म्हनलं, हो बापू, लागली. गाडी निघाली. ते आनते गाडी घेऊन. असं म्हनलं तं निवांत झाला. हात सोडला माहा."

पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "लेकाशी खोटं बोलली शेवटाले. मंग तुह्याशी खोटं बोलली. तुले समजलं असतं तं तू त्या टेकडीवरून उतरलीच नसती बाई."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हाडं लागतात आता. लोक आमच्याकडे पाहत होते, मोर्चातल्या बाया असतील असं वाटलं असेल.

तो मला हाका मारत होता. आणि मी दुसऱ्या बाईला जिल्हा सांगत होते.

१६ डिसेंबर, शनिवार

परत. गाडीत उभं राहावं लागलं बडनेऱ्यापर्यंत. मग आत्याबाईंना जागा मिळाली, त्यांनी सरकून मला अर्धी दिली.

मैत्री विचारते, झाला का कायदा? नाही म्हटलं. "मंग काय पाह्यलं तुमी?"

आत्याबाई म्हणाल्या, "तुह्या बापाचं नाव घेतलं बाई सर्वायनं."

२४ डिसेंबर, रविवार

आठवडाभर टेकडीकडे पाहिलं नाही. ड्युटी केली. एक बाळंतपण झालं, मुलगी, दोघी बऱ्या. त्यासाठी फोन करायचा होता तर गजानन चढला टेकडीवर. मी नको म्हणाले नाही.

ती हाक येत राहते. भांडी घासताना. झोपताना नाही, भांडी घासतानाच. त्याचा आवाज कसा असेल तेव्हा? ओढलेला? रडवेला? विचारायचं आहे आत्याबाईंना. विचारवत नाही.

७ जानेवारी, रविवार

वकीलसाहेबांकडे गेले. सगळं सांगितलं, फुटपाथवरचंही. ते खूप वेळ गुडघ्यावर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बेटी, हे मी कुठेच लिहिणार नाही. तुझं आहे. तू म्हणशील तर थांबू."

मी म्हटलं, थांबू. मला नाही होत आता.

"बरं," म्हणाले. रागावले नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं.

निघताना म्हणाले, विधिमंडळाची विनंती अर्ज समिती असते. तिच्यापुढे माणूस स्वतः बोलू शकतो. आमदार नको मध्ये. कधी वाटलं तर.

२३ जानेवारी, मंगळवार

दोघं आले जीपमधून. तपासणीला म्हणे. नागपूरच्या आश्वासनाची असावी. ग्रामपंचायतीचं कुलूप उघडलं, डब्याचा फोटो काढला. चिमणी उडाली. मी म्हटलं, साहेब, केबल तुटली आहे. म्हणाले, आमच्याकडे फक्त डबा आहे की नाही एवढंच पाहायचं. आहे.

गेले.

आत्याबाई ओट्यावरून बघत होत्या. जीपची धूळ खाली बसली. मग म्हणाल्या, "तुह्या वकिलानं सांगितली त्या समितीत कोनालेही बोलू देतात का?"

"हो."

"बिनशिकेल बाईले?"

"हो."

"मंग मी बोलतो. तू नाही. तुले मालूम नाही काय झालं ते."

२८ जानेवारी, रविवार

वकीलसाहेब आले. त्या गुडघ्यांनी, ऑटोतून. आत्याबाईंनी लुगडं बदललं, केसांना तेल लावलं. ओट्यावर सतरंजी टाकली. मला म्हणाल्या, तू आत बस. मी दाराआड बसले, मैत्री माझ्या मांडीत.

वकीलसा. म्हणाले, "अम्मा, त्या दिवशीपासून सुरू करा. दुपारी तो घरी आला."

"तसं नाही," आत्याबाई म्हणाल्या. "अगुदर तो कोन होता ते लिवा. झाला तवा पाऊस नव्हता. दुष्काळाचं साल. दाई म्हने, पोरगं लय लहान आहे, वाचत नाही. म्या कापसात गुंडायला त्याले."

वकीलसाहेबांनी लिहायला सुरुवात केली. एकदा म्हणाले, अम्मा, समिती एवढं ऐकणार नाही. आत्याबाई म्हणाल्या, "तुमी तं ऐकता ना?" मग ते लिहीतच राहिले. दात कधी आले. नदीत पडला ते. पहिलीत मास्तरांनी पाठीवर थाप दिली ते. पाचवीत मला ओळखतही नव्हता तो आणि मी दाराआड बसून त्याला मोठा होताना ऐकत होते. मैत्री मधेच हसली, बाबाने बेडूक खिशात घालून शाळेत नेला त्यावर. किती दिवसांनी हसली.

ऊन उतरलं. ऑटोवाला हॉर्न द्यायला लागला. आत्याबाई अजून सातवीपर्यंतच पोचल्या होत्या.

वकीलसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "अम्मा, पुढच्या रविवारी येतो."

"या. आठवीत तो लय आजारी पडला होता, ते सांगाचं आहे."